टक्के वेगळे, क्लास वेगळा

महाड-पोलादपूरकडे अपंगत्व टक्क्यांत बोललं जातं. "हा माझ्या मोठ्या दिराचा मुलगा, सत्तर टक्के," अशी ओळख करून देतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेघ ठेवली. रेघेच्या अलीकडे राहिलात तर नोकरीतलं आरक्षण नाही, निराधार योजनेचे पैसे नाहीत, एसटीची सवलत नाही. त्यामुळे डोंगरातल्या वाडीवरून पहाटेची गाडी धरून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात निघालेल्या माणसाच्या डोक्यात एकच आकडा असतो. बोर्डासमोर कसं बसावं, हात किती उचलावा, 'जमत नाही' कधी म्हणावं, याचा फुकट सल्ला देणारे स्टँडवरच भेटतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. जी व्यवस्था न होणाऱ्या हालचालीचे पैसे देते, तिच्यासमोर माणूस न होणारी हालचालच दाखवणार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट मला 'व्यायामवाली मॅडम' म्हणतात. क्लिनिक महाडात, पेशंट निम्मे पोलादपूरच्या बाजूचे. पॅरा ॲथलेटिक्सच्या वर्गीकरणाचं प्रशिक्षण घेतल्यावर पुण्याला राज्य पातळीच्या चाचण्यांना पॅनेलवर बसू लागले आणि तिथे माझी खरी पंचाईत झाली. येणारा प्रत्येक खेळाडू आधी लॅमिनेट केलेला दाखला पुढे करतो. तो बाजूला ठेवायचा असतो. खेळाला टक्क्यांशी देणंघेणं नाही. खेळ विचारतो ते असं: पॅरालिम्पिक चळवळीने मान्य केलेल्या दहा प्रकारच्या अपंगत्वांपैकी तुझं कुठलं आहे का? ते कायमचं आहे का? आणि या खेळातल्या या हालचालीला त्याची किमान ठरलेली बाधा होते का? एवढं जमलं तर मग क्लास. कागदावर ८० टक्के असलेला कर्णबधिर मुलगा इथे बसत नाही, त्याची डेफलिम्पिक्स वेगळी. पाठदुखीने खाटेला खिळलेली बाईही बसत नाही, कारण नुसती वेदना त्या दहांत नाही.

मॅटवर स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी तपासतात. मग खुर्चीत बसवून बघतात, आणि शेवटी प्रत्यक्ष स्पर्धेतही नजर ठेवतात. व्हीलचेअर शर्यतीत सगळा खेळ धडाचा आहे. लोकांना वाटतं, खुर्ची ढकलायला हात लागतात. हात लागतातच, पण ज्याच्या पोटाचे आणि कमरेचे स्नायू शाबूत आहेत तो प्रत्येक धक्क्याला अख्खं अंग रिमवर टाकतो आणि लगेच मागे येतो. ज्याचे नाहीत त्याची छाती मांड्यांवर पडते ती पडलेलीच राहते, सगळं काम खांद्यांवर येतं. पहिला टी-५४, दुसरा टी-५३. बोटांची पकडही गेलेली असेल तर टी-५२. सुटताना आणि चढावर हा फरक डोळ्यांनी दिसतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत टी-५३ आणि टी-५४ एकत्रच पळवतात, आणि त्यावर खेळाडूंची कुरकुर कायम असते.

हे सगळं समजून घेऊन मी एका ३ डिसेंबरला, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनी, आमच्याकडच्या एका मैदानावर गेले. संयोजकांचं नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत आणि मांडव स्वतःच्या खर्चाने घालतात. कार्यक्रमात 'व्हीलचेअर शर्यत' होती. एकच हीट. हायवेवरच्या अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेले एक दादा, कॅलिपर काढून बसलेले पोलिओवाले एक मास्तर, मणक्याला मार बसलेले दोघे, आणि लेन भरत नाही म्हणून खुर्चीत बसवलेला एक धडधाकट स्वयंसेवक. निकाल लागला तसाच लागणार होता. पाय गेलेले दादा पहिले, स्वयंसेवक दुसरा, मास्तर तिसरे. मणक्यावाले दोघे पोचले तेव्हा माइकवर पुढच्या कार्यक्रमाची घोषणा सुरू झाली होती.

"मॅडम, स्वयंसेवकाला पदक नाही दिलं हां आम्ही," संयोजक आधीच म्हणाले.

"त्याचं काही नाही हो. पण बाकीचे चौघे एका हीटमध्ये कसे?"

"सगळे दिव्यांगच ना? का त्यांच्यातही वरखाली करायचं?"

या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देणं अवघड होतं, कारण त्यांचा सूर समतेचा होता. स्वयंसेवकाचा मला खरंच राग नव्हता. इंग्लंड-जर्मनीत स्थानिक व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये धडधाकट खेळाडू बसतात, पण तिथे प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराप्रमाणे गुण असतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज ठरलेल्या आकड्याबाहेर जाता येत नाही. कोण काय घेऊन आलाय हे उघड असतं. आमच्या मैदानावर सगळ्यांना 'दिव्यांग' या एका सतरंजीवर बसवलं की न्याय झाला असं वाटतं, आणि मणक्यावाला पोरगा घरी जाताना आपण कमी पडलो असं समजून जातो.

त्या दोघांतला एक माझा पेशंट. नाव देत नाही. त्याची हरकत नसली तरी त्याच्या आईची आहे. मे महिन्यात आंबे काढताना झाडावरून पडला. असे पेशंट कोकणातल्या फिजिओथेरपिस्टला दर उन्हाळ्यात भेटतात. छातीच्या मणक्याला इजा, पाय गेले, पोटाचे स्नायू जवळजवळ गेले, हात मात्र पहिल्यापेक्षा दणकट झाले. सरकारी शिबिरात मिळालेल्या घडीच्या खुर्चीवर तो संध्याकाळी सर्व्हिस रोडवर दम लागेपर्यंत फेऱ्या मारायचा. त्याला मी पुण्याला चाचण्यांना नेलं. माझाच पेशंट म्हणून त्याच्या वेळी मी पॅनेलवर नव्हते; खेळाडूबरोबर एक माणूस आत जाऊ शकतो, तशी गेले.

पॅनेलवरच्या बाईंनी दोन बोटं पुढे केली. "दाब जोरात." त्याने हळू दाबली. पुन्हा सांगितलं, पुन्हा तशीच. ज्या हातांनी तो पाच मिनिटांपूर्वी खुर्ची उंबऱ्यावरून एका झटक्यात आत घेऊन आला होता, ते हात. बाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर थांबलेल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की आकडा जेवढा खालचा, तेवढी माणसं कमी आणि पदक जवळ. ते त्याला लगेच पटलं, कारण अलिबागला बोर्डासमोर हेच चालतं असं तो लहानपणापासून ऐकत आलेला.

जो खेळाडू पूर्ण जोर लावत नाही त्याचं वर्गीकरण पॅनेल 'अपूर्ण' म्हणून सोडून देऊ शकतं, आणि मुद्दाम केलं असं ठरलं तर बंदी येते. टोकियोत विनोद कुमारचं काय झालं ते खेळाडूंना माहीत असतं, पण ते अफवेसारखं. सीमा सुरक्षा दलातला हा थाळीफेकपटू २९ ऑगस्ट २०२१ला एफ-५२ गटात १९.९१ मीटर फेकून तिसरा आला. इतर देशांनी त्याच्या क्लासवर आक्षेप घेतला, पदक-समारंभ थांबला, पुन्हा तपासणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी पॅनेलने सांगितलं की याला कुठलाच क्लास देता येत नाही. पदक गेलं. पुढे अपंगत्व मुद्दाम वेगळं दाखवल्याचा ठपका आणि दोन वर्षांची बंदी. स्पर्धेच्या आठवडाभर आधी टोकियोतच त्याला हा क्लास मिळाला होता, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. पहिल्या पॅनेलने दिलं ते दुसऱ्याने काढलं. त्याच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण सिडनी २०००मध्ये स्पेनच्या बौद्धिक अपंगांच्या बास्केटबॉल संघातल्या १२पैकी १० जणांना तसलं अपंगत्वच नव्हतं, हे उघड झालं तेव्हा काय झालं ते बघा. सुवर्णपदक परत गेलं, आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंना २०१२च्या लंडनपर्यंत पॅरालिम्पिकचं दार बंद राहिलं. लबाडी संघाची, आणि शिक्षा जगभरातल्या, त्या स्पेनचं नावही न ऐकलेल्या मुलांना.

आपल्याकडेही झळ अशीच भलत्याला लागते. २०२४मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला, आणि त्यानंतर माझ्या एका पोलिओच्या पेशंट बाईंचा दाखला कंडक्टर उजेडात धरून बघायला लागला. पाय डोळ्यांसमोर असताना.

तर त्या चाचणीच्या खोलीत माझ्या पेशंट मुलाला मी कोपऱ्यात नेऊन एवढंच म्हटलं, "इथे टक्के नाहीत. जोर लाव." पॅनेलने पुन्हा संधी दिली. बाईंनी बोटं सोडवून घेतली आणि दुसऱ्या हाताने चोळली. टी-५३, पुढच्या वर्षी फेरतपासणी.

त्याच दिवशी एकाला परत पाठवावं लागलं, आणि त्या पॅनेलवर मी होते. महाडच्या एमआयडीसीत प्रेसखाली दोन बोटं गेलेला मुलगा, ४०० मीटर असा पळायचा की बघत राहावं. पळण्याच्या शर्यतीत हाताच्या अपंगत्वासाठी हात निदान मनगटातून गेलेला लागतो. नाशिक जिल्ह्याचा दिलीप गावित याच टी-४७ गटात ४०० मीटर पळतो. हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ४९.४८ सेकंदांत सुवर्ण घेतलं त्याने. पूर्ण हात नसेल तर सुटताना आणि वळणावर तोल सांभाळणं किती कठीण आहे, ते त्याच्याकडे बघून कळतं. दोन बोटांनी ते होत नाही. मी त्या मुलाला 'अपात्र' असं लिहून दिलं.

"कंपनी म्हणते मी अपंग, म्हणून काम नाही. तुम्ही म्हणता मी अपंग नाही, म्हणून खेळ नाही. मग मी कोण?"

त्याला तेव्हा आणि आत्ताही माझ्याकडे एकच उत्तर आहे: तू धावपटू आहेस, जिल्ह्याच्या खुल्या गटात पळ. तो तिथे पळाला आणि अंतिम फेरीत आला नाही. त्याला लबाड कुणी म्हटलं नाही, तरी मान खाली घालून गेला. वर्गीकरणातली ही जागा मला सर्वांत टोचते. ब्रिटनच्या व्हीलचेअर बास्केटबॉल संघातल्या जॉर्ज बेट्सला टोकियोच्या आधी सांगितलं गेलं की तुझा पायाच्या वेदनेचा आजार पात्र ठरत नाही. पाय कापून घेतला तर पात्र ठरू, म्हणून तो तसा विचार करायला लागला होता. नियम जर माणसाला तिथवर नेत असेल तर रेघ बरोबर असूनही ती सांगायची रीत चुकली आहे. तरीही मी रेघ पुसा म्हणणार नाही. रेघ पुसली की फायदा नेहमी सर्वांत कमी अडचण असलेल्याचा होतो, हे मी मैदानावर बघितलंय.

लोकांची नजर या कामी कुचकामी आहे. पॅरिसला सप्टेंबर २०२४मध्ये सांगली जिल्ह्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं, तेव्हा क्लिनिकमध्ये मला विचारलं गेलं, "हात तर आहे की त्याला!" आहे. शाळेत असताना सायकलवरून पडून तो हात जायबंदी झाला, कोपर आणि स्नायू पुन्हा कधी नीट झाले नाहीत. हात असणं आणि हाताने काम होणं, यांतलं अंतर मोजण्यासाठीच पॅनेल असतं. पूर्वी तेही नव्हतं. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ला हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं, तेव्हा १९६५च्या युद्धातली गोळी मणक्यात कुठे लागली यावर डॉक्टर गट ठरवायचे. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात खेळ सुरू केले, तिथली ती पद्धत; पेशंट आधी, खेळाडू नंतर. 'हे शरीर या खेळात काय करू शकतं' हा प्रश्न मुख्य झाला तो १९९२च्या बार्सिलोनाच्या सुमारास.

पण वर्ग बिनचूक पाडले तरी खुर्ची राहतेच. शर्यतीची खुर्ची म्हणजे तीन चाकं, पुढे लांब दांडा, आत गुडघे दुमडून घट्ट बसायचं, हातात कडक ग्लोव्ह्ज. मोठं चाक ७० सेंटीमीटरपेक्षा मोठं नको, गिअर नको, असे नियम आहेत. किमतीवर नियम नाही. चांगली परदेशी खुर्ची काही लाखांना पडते आणि ती खेळाडूच्या मापाची लागते. आमच्या मुलाने पुण्यात उसनी खुर्ची वापरली, त्यात त्याचे नितंब बसेनात. सीटच्या बाजूला टॉवेल कोंबून पळाला. टी-५३ हा क्लास त्याच्या पोटाचा हिशेब ठेवतो, टॉवेलचा ठेवत नाही.

पॅरिसला भारताने २९ पदकं मिळवली. त्यांतली ट्रॅकवरची चारही पदकं पायांवर पळणाऱ्या मुलींची: प्रीती पालची दोन, दीप्ती जीवनजी आणि सिमरनची एकेक. व्हीलचेअर शर्यतीत एकही नाही. उलट बसून फेकण्यात आपण पुढे आहोत. नांदेडची भाग्यश्री जाधव एफ-३४ गटात गोळा फेकते आणि पॅरिसच्या उद्घाटनाला ध्वज तिच्या हाती होता. माझ्या मते याचं एक साधं कारण वेल्डिंगच्या दुकानात आहे. फेकीची बैठक ७५ सेंटीमीटरपर्यंत उंच, जमिनीला बांधलेली, लोखंडी. माप दिलं तर महाडातला फॅब्रिकेटर चार दिवसांत करून देतो. शर्यतीची खुर्ची तो करू शकत नाही. म्हणून मणक्याला इजा झालेली आमच्याकडची मुलं, मनात पळणं असलं तरी, गोळा उचलतात. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो तो वेगळाच. २०२१च्या जुलैत महाडात पुराचं पाणी शिरलं तेव्हा माझ्या क्लिनिकच्या खुर्च्या, मॅट, सगळं गाळात गेलं. बेअरिंगमधली माती शेवटपर्यंत निघाली नाही.

महाडात हा विषय बोलायचा तर चवदार तळं बाजूला ठेवता येत नाही. मार्चच्या १९-२० तारखेला गाव माणसांनी भरतं, कुबड्या आणि तिचाक्या घेऊनही लोक येतात. एका वर्षी अशाच गर्दीत एक ओळखीचे निवृत्त शिक्षक मला म्हणाले, "ताई, तुम्ही सुद्धा दारात उभं राहून ठरवताच ना, कोण आत आणि कोण बाहेर?" चेष्टेत म्हणाले, पण मला ते झोंबलं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा, हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ला झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ला आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. तरी १९२७च्या २० मार्चला बाबासाहेब आंबेडकर लोकांना घेऊन पाण्याशी जाईपर्यंत तो कागदच राहिला. त्यानंतरही माणसांना मार बसला, तळं 'शुद्ध' केलं गेलं आणि खटला उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९३७ला संपला. त्या खटल्यात अस्पृश्यांना वगळण्याची अनादी वहिवाट सिद्ध करायची जबाबदारी वगळणाऱ्यांवर होती, आणि त्यांना ती सिद्ध करता आली नाही.

गुरुजींना मी तेव्हा म्हटलं की तिथे माणसाचं काहीच मोजलं नव्हतं, जन्म बघून दार लावलं होतं, इथे मोजतात. हे खरं आहे, पण पुरतं नाही. आमच्या खोलीत सिद्ध करायचं ओझं आत येणाऱ्यावर असतं. कपडे उतरवून, पाय ढकलून, अनोळखी माणसांना आपलं न चालणारं अंग दाखवून त्याने सिद्ध करायचं. ते टाळता येत नसेल तर निदान मोजणाऱ्याने आपलं मोजमाप त्याला समजेल अशा मराठीत सांगावं, लिहून द्यावं आणि त्यावर आक्षेप घ्यायची वाट उघडी ठेवावी. राज्य पातळीवरही हे दर वेळी होतंच असं नाही.

गेल्या ३ डिसेंबरला संयोजकांनी माझं ऐकलं. दोन हीट केल्या. लगेच दुसरी अडचण उभी राहिली: मणक्यावाल्यांच्या हीटमध्ये दोघेच. पदकं तीन आणलेली. ही अडचण जगात सगळीकडे आहे. एक पाय कृत्रिम असलेली, मुंबईची मानसी जोशी २०१९ला बाझेलमध्ये एसएल-३ गटात पॅरा बॅडमिंटनची जगज्जेती झाली आणि टोकियोत त्या गटाची महिला एकेरी स्पर्धाच नव्हती. ती स्पर्धा आली पॅरिसला. बारीक वर्ग पाडले की न्याय वाढतो आणि शर्यत आटते.

आमच्या मुलाने तर दोन हीटना साफ विरोध केला. "दोघांत पहिला आलो हे गावात काय सांगू? मला दादांबरोबरच पळायचंय."

मी म्हटलं, "तू टी-५३, ते टी-५४."

"ठाऊक आहे. लांब पल्ल्याला एकत्र पळवतात असं तुम्हीच सांगितलंत. मैदानाला दोन फेऱ्या ठेवा."

ठेवल्या. दोघांच्या हीटमध्ये तो पहिला आला, ते पदक त्याने न बघता खिशात टाकलं. मग दोन फेऱ्यांची खुली शर्यत झाली. पहिल्या फेरीत तो पाय गेलेल्या दादांच्या मागे, मास्तरांच्या पुढे होता. शेवटच्या वळणावर चढ लागला आणि मास्तरही पुढे गेले. तिसरा. दम खात तो सरळ टेबलापाशी आला आणि म्हणाला, आक्षेप आहे. दादांच्या खुर्चीची चाकं मोठी आहेत.

आक्षेपाचा फॉर्म अर्थातच नव्हता. त्याने निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिला, सही केली, वेळ टाकली. संयोजक माझ्याकडे बघायला लागले. शिंप्याची टेप आणवली आणि सगळ्यांदेखत दोन्ही खुर्च्या मोजल्या. दोन्ही एकाच शिबिरातल्या, चाकं दोन्हींची सारखीच, साधारण एकसष्ट सेंटीमीटर. आक्षेप फेटाळल्याचं मी त्याच कागदावर कारणासकट लिहून दिलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, अपील कुणाकडे करायचं?